जीप काढायची आहे

मराठीतल्या ‘काढणे’ या क्रियापदाला हिशेबाचं वळण अजिबात नाही. जमेला आणि नावेला तोच शब्द. ‘त्यांनी गाडी काढली’ म्हणजे नवी घेतली. ‘त्यांनी गाडी काढली’ म्हणजे जुनी विकून टाकली. ‘गाडी काढा’ म्हणजे शेडमधून बाहेर आणा, निघायचंय. शिवाय नवी काढायला कर्ज काढावं लागतं, कर्ज काढलं की पुढली सात वर्षं दिवस काढावे लागतात, आणि एवढं करून गाडी दारात आली की शेजारी तिच्या रंगात खोड काढतात ते निराळंच.

म्हणून २०२३ च्या दिवाळीआधी आमचे आबा फोनवर, “आरं, जीप काढावी म्हणतोय,” एवढंच बोलून गप्प झाले, तेव्हा मी नेमका कुठल्या अर्थाचा धक्का घ्यावा हे मला कळेना. जीप बाहेर काढणं ही काही फोन करून कळवण्याची बातमी नव्हे. जीप नवी काढणं ही बातमी खरी. पण जुनी जीप काढून टाकणं म्हणजे, कसं सांगू, अशा वेळी आपण आधी ‘कधी?’ विचारतो आणि मग ‘वय काय होतं?’ विचारतो.

आबा माझे थोरले चुलते. गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. डांबरी सडक जिथे संपते तिथून आमचं गाव चार किलोमीटर वर आहे, आणि हे चार किलोमीटर दर पावसाळ्यात आपली जागा बदलतात. अशा घरातला एक पुतण्या बँकेत लागला की सगळ्या व्यवहारात त्याचा सल्ला घ्यायची पद्धत पडते. मी कारकून आहे, दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि संध्याकाळी ज्याचे त्याला परत करतो, हे मी अनेकदा सांगून पाहिलं आहे. उपयोग होत नाही. “तू बँकेतला माणूस, तूच सांग ठेवायची का काढायची,” असं म्हणून आबांनी प्रश्न माझ्या काउंटरवर सरकवला, आणि काउंटरवर आलेला कागद परत फिरवायची मला सवय नाही. (आमच्या साहेबांना आहे.)

तर ही जीप. १९९१ साली एका सरकारी खात्याच्या लिलावात आबांनी ती चाळीस हजारांना घेतली. मी तेव्हा चौथीत होतो. खात्याच्या यादीत तिच्यापुढे ‘निर्लेखित’ असा शेरा होता, आणि आबांच्या चिरंजीवांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे ‘निर्लेखित’ कंपनीची जीप आहे. निर्लेखित म्हणजे हिशेबातून पुसून टाकलेली. हा शब्द पुढे बँकेत मला रोज भेटला. बुडीत कर्ज आम्हीही निर्लेखित करतो, पण बाहेरच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते : निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं असं नाही. ताळेबंदातून नाव जातं, वसुली चालूच राहते. जीपचंही तेच झालं. सरकारने तिचं नाव कमी केलं, आबांनी पुढची बत्तीस वर्षं वसुली चालू ठेवली.

तशी ही जातच मुळी टिकण्यासाठी जन्माला आलेली नाही. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं धाडली आणि नमुना तयार करायला ४९ दिवस दिले. वेळेत नमुना आणून उभा केला तो बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने. मग लष्कराने तिचे आराखडे घेतले आणि मोठाल्या ऑर्डरी दिल्या विलिस आणि फोर्ड यांना. काम वेळेत एकाने करावं आणि बढती दुसऱ्याला मिळावी, ही पद्धत फक्त आमच्या शाखेत आहे असा माझा समज होता. असो. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. रणांगणावरच्या गाडीने दहा वर्षं टिकावं अशी अपेक्षा कोण करणार? पण युद्ध संपलं आणि जीपा उरल्या. फिलिपाइन्समध्ये लोकांनी त्या लांब करून, रंगवून, त्यांच्या उतारूगाड्या केल्या. आपल्याकडे मुंबईत तिची जुळणी सुरू झाली आणि ती कलेक्टर, पोलीस, धरणावरचे इंजिनियर आणि हिंदी सिनेमातले हिरो यांच्यात वाटली गेली. त्यातलीच एक नात-पणती आबांच्या वाट्याला आली.

तिला दरवाजे नाहीत, ताडपत्रीचे पडदे आहेत. पावसात ते पाणी आत येऊ देतात आणि आलेलं बाहेर जाऊ देत नाहीत. सेल्फ दहात चार वेळा घेतो. म्हणून ती कायम उतारावर उभी करायची, चाकाखाली दगड लावायचा, आणि निघताना दगड काढून, सोडून, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून चालू करायची. आमच्या घरी पाहुणा आला की तो उतार बघून गाडी लावतो. आबांनी उतार बघून घराची नवी पडवी बांधली. किल्ली पडवीतल्या खुंटीला. ती किल्ली दिवसा-रात्री कधीही कुणीही घेऊन जाई. चोरीची भीती नव्हती, कारण ही जीप चालू करायला चोराला आधी आबांकडून शिकून घ्यावं लागलं असतं.

दिवाळीत आम्ही सगळे जमलो. चिरंजीव पुण्यात हिंजवडीला असतात. ते मोबाइलवर नव्या गाडीची चित्रं घेऊनच आले होते. त्यांचं म्हणणं, दहा-बारा लाखांत झकास नवी फोर-व्हील येते, एअरबॅग येते, गाणी येतात. काकूंचं म्हणणं, नवी घ्या नाहीतर घेऊ नका, पण ह्या जीपला लागणारं डिझेलचं फडकं माझ्या स्वयंपाकघरातून बंद करा. गावच्या मिस्त्रीचं म्हणणं मात्र ठाम होतं : “काढायची कशापायी? मागल्या साली तर इंजन उतरवून केलंय. चाळीस हजार घातल्यात.”

हा ‘मागल्या साली घातलेल्या’ पैशाचा मुद्दा मी गेली वीस वर्षं दर साली ऐकत आलोय. एका साली क्लच प्लेट केली म्हणून जीप ठेवली. पुढल्या साली पाटे बदलले म्हणून ठेवली. मग पाटे बदललेत तर गिअरबॉक्सचं काम करून घेऊ, म्हणून ठेवली. कॉमर्सच्या पुस्तकात याला बुडीत खर्च म्हणतात, आणि निर्णय घेताना बुडीत खर्च मोजू नये, फक्त इथून पुढे काय जाणार आणि काय येणार तेवढं बघावं, असं परीक्षेत लिहून मी पाच मार्क मिळवलेले आहेत. इंग्रज आणि फ्रेंच सरकारांनी मिळून हे पाच मार्क घालवले. कॉन्कॉर्ड विमान फायद्याचं नाही हे दिसत असताना, इतका खर्च झालाच आहे तर आणखी थोडा, असं करत ते पुढे रेटलं. २००३ साली त्याचं उड्डाण थांबलं, पण अर्थशास्त्रात या वेडाला कॉन्कॉर्डचंच नाव चिकटलं. आमच्या मिस्त्रीला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर विमान आजही उडत असतं. उतारावरून सोडावं लागलं असतं इतकंच.

मग मी जीपची किंमत काढली. (पुन्हा काढली!) घटत्या शिलकेच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा धरला तर चाळीस हजारांची जीप बत्तीस वर्षांनी साधारण २२० रुपयांची उरते. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. दरसाल उरलेल्याचाच तुकडा तोडायचा, म्हणजे काहीतरी उरतंच. माझ्या मते ही हिशेबाची पद्धत शोधणाऱ्या माणसाच्या घरी एखादी जुनी बैलगाडी असणार. उलट पाटणच्या भंगारवाल्याने किलोवर पस्तीस हजार देऊ केले. म्हणजे जीप म्हणून २२० आणि लोखंड म्हणून पस्तीस हजार. आबा म्हणाले, “हे असं माणसाचंबी धरत्यात का रं?” मी विषय बदलला.

सरकारचंही मत विचारात घेतलं पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण २०२१ साली आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारगाडीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. सरकारचं म्हणणं खोटं नाही. आमची जीप चढावर जो धूर सोडते त्यात मागून येणाऱ्या म्हशीचा रंग बदलत नाही, एवढाच दिलासा. बँकेच्या नियमात बसवावं तर हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक. जीप गेल्या पावसाळ्यात सलग तेवढी उभी होती. पण शेतीच्या कर्जाला आमच्याकडे पिकाच्या हंगामांची सवलत असते, लवकर येणाऱ्या पिकाला दोन हंगामांची, आणि जीप शेतीच्याच कामाची, असा युक्तिवाद आबांच्या वतीने मीच केला. चिरंजीव म्हणाले, “दादा, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?” बँकेतल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही.

आता यात एक अडचण अशी होती, की ठेवायची की काढायची हे ठरवण्याआधी ‘कोणती?’ हे ठरवणं भाग होतं. बत्तीस वर्षांत इंजिनाचं जवळजवळ सगळं पोट बदललेलं, गिअरबॉक्स दुसरा, पाटे तिसरे, सीट चौथ्या, आणि बोनेट एका मेलेल्या भावंडाचं. मग १९९१ ची ती जीप हीच का? मिलिंद राजाला, म्हणजे मिनँडर नावाच्या ग्रीक राजाला, भिक्षू नागसेनाने हेच विचारलं होतं. राजा रथातून आला होता. नागसेन म्हणाला, महाराज, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की रथ हे या सगळ्यांच्या मिळून असण्याला दिलेलं नुसतं नाव. ग्रीकांचीही अशीच एक गोष्ट आहे. थीसियसचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं, कुजेल ती फळी बदलत गेले, आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय झाला. त्यावर सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने आणखी एक काडी टाकली : समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर मूळ जहाज कोणतं?

हॉब्जला हे ‘समजा’ म्हणावं लागलं, कारण त्याला आमचा मिस्त्री माहीत नव्हता. आमच्या जीपचा काढलेला गिअरबॉक्स, काढलेले पाटे, काढलेलं बोनेट, सगळं त्याच्या शेडमागे साठत होतं. त्यातून त्याने हळूहळू दुसरी जीप उभी केली आणि ती आज वडापला लागली आहे. तिचे कागद कुठले हे मी विचारलं नाही. बँकेच्या वेळेबाहेर मी कुणाकडे केवायसी मागत नाही. पण बाजाराच्या दिवशी ती समोरून आली की आबा आपल्या जीपमध्ये बसून तिच्याकडे असे बघतात, की मिलिंद राजाचा सगळा संवाद एका बाजूला आणि ती नजर एका बाजूला. दोन हजार वर्षांचा हा वाद आरटीओने मात्र मिटवून टाकला आहे. चासीवर नंबर ठोकलेला असतो. तो ज्या लोखंडावर, ती गाडी. बाकी माया.

ती तीच जीप आहे असं धरलं, तर मग तिचं आपण काही देणं लागतो का? इथे मला दोन रोमन काळातले गृहस्थ भेटले. पहिला केटो. याने शेतीवर पुस्तक लिहिलं आहे, आणि त्यात शेतमालकाला सल्ला दिला आहे की म्हातारा बैल विका, जुनी गाडी विका, जुनी अवजारं विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलाम विका. एकाच दमात. हा माणूस आज असता तर कुठल्याही बँकेत वसुली विभागाचा प्रमुख झाला असता. त्याच्यानंतर तीनेकशे वर्षांनी प्लुटार्क झाला. थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगणाराही हाच. त्याने केटोचं चरित्र लिहिताना या जागी आपली पाटी आपटली आहे. केटोने स्पेनमधल्या लढाईत वापरलेला आपला घोडा, सरकारला जहाजाचं भाडं नको म्हणून, तिथेच सोडून दिला. प्लुटार्कला हे मोठेपण वाटत नाही. तो म्हणतो, माझ्यासाठी राबलेला बैल मी म्हातारा झाला म्हणून विकणार नाही. जिवंत प्राण्यांना जोड्यांसारखं आणि भांड्यांसारखं वापरून फेकू नये.

हे वाचून मी आबांच्या बाजूने खूश झालो होतो. पण नीट पाहिलं तर प्लुटार्क जोडे आणि भांडी फेकू नका असं म्हणत नाही. घोडा राहू द्या, बैल राहू द्या. जोडे फाटले तर फेका, असाच त्याचा अर्थ. मग जीप कशात धरायची? बेंदराला बैलाला हळद लागते आणि दसऱ्याला जीपला झेंडू लागतो, त्यामुळे आमच्या गावात ती बैलाकडे झुकते. पण बैलाला दावणीला बांधून ठेवलं तर तो उभ्या उभ्या रवंथ करतो, त्याला बरं वाटतं. जीपला काय वाटतं? काही नाही. वाटतं ते आपल्याला. आणि आपल्याला जे वाटतं त्याची किंमत आपणच द्यावी, हे कॉमर्सही सांगतं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग काकूंनी मला मागल्या दारी बोलावून दोन रात्रींचं सांगितलं. त्यातली एक मला ठाऊक होती, दुसरी नव्हती.

पहिली २००५ च्या जुलैमधली. वरच्या आळीतली एक लेक बाळंतपणाला आलेली, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. रस्त्यावरून ओढा वाहत होता. आबांनी जीप काढली, चारही चाकांना जोर दिला, आणि पाणी पायाशी आत येत असताना ओढ्यातून पलीकडे काढली. पाटणला पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. ती मुलगी आता कराडला नर्सिंग शिकते. गावाला आली की जीपच्या बोनेटवर एक थाप मारून जाते.

दुसरी रात्र २०२३ च्या जुलैमधली. “आबा, गाडी काढा, पोराला पान लागलंय,” म्हणून चौघे जण पडवीत आले. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. घोणस होती. घोणसेचं विष रक्त गोठू देत नाही, तिथे मिनिटं मोजायची असतात. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्याकडे आहे, तिला फोन गेला, ती निघालीही. पण ती डांबरी सडकेपर्यंतच येणार. मधले चार किलोमीटर जीपचे. दीड किलोमीटर गेल्यावर चढाच्या वळणावर जीप बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. मग फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस येतो तोवर थांबायचं, नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. आबांनी ते हजार वेळा केलेलं. पण पाऊस, अंधार, आणि मांडीवर पोराला घेऊन बसलेली त्याची आई. तिसऱ्यांदाही हवा धरली तेव्हा पोरांनी वाट बघितली नाही. कांबळ्याची झोळी केली आणि उरलेले अडीच किलोमीटर मुलाला पळवत नेलं. मुलगा वाचला. आबा जीपजवळ एकटे राहिले. सकाळी गुरं घेऊन निघालेल्या गड्याला ते दिसले, तेव्हा जीप चालू होती आणि ते तशीच चालू ठेवून आत बसून होते.

“तवापासनं झोपत न्हाईत नीट,” काकू म्हणाल्या.

मी परत ओसरीवर आलो आणि ताळेबंद पुढे मांडायला मला सुचेना. आबांना जीप प्रिय आहे, त्यांनी ती ठेवावी, तिच्यावर दरसाल चाळीस हजार घालावेत, तो त्यांचा पैसा. पण त्या रात्री आबांच्या मायेचं व्याज जीपमध्ये बसलेली ती बाई भरत होती. तिने तर कर्जाच्या कागदावर सही केली नव्हती. जामीनदार कुणाला करताय हे त्याला आधी सांगावं लागतं, हा आमचा अगदी पहिला नियम.

मग नवी काढा, झालं! चिरंजीवांना मी तसं म्हणणार होतो. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं, हप्ता १६,०८९ रुपये. म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी रोजचे ५३६. हेही मी कागदावर काढून ठेवलं होतं. पण भाऊबीजेच्या दिवशी चिरंजीव पुण्याहून आणलेल्या आपल्या गाडीतून बाजाराला निघाले, तेव्हा वरच्या आळीची एक म्हातारी वाटेत उभी होती. जीप असती तर ती काही न विचारता मागून चढली असती, एका हातात कोंबडी आणि दुसऱ्या हातात गवारीची पाटी घेऊन, आणि वर आबांनाच म्हणाली असती, सावकाश हाण. इथे चिरंजीवांनी आपण होऊन दार उघडलं. ती म्हणाली, “बाळा, ह्यात बसू व्हय?” मग तिने वहाणा काढल्या, त्यांचे तळ एकमेकांवर आपटून झटकले आणि मांडीवर घेऊन सीटच्या अगदी कडेला बसली. पाठ टेकली नाही. चिरंजीव बिचारे दोनदा म्हणाले, आजी, आरामात बसा. माझा चुलतभाऊ वाईट माणूस नाही. गाडीच इतकी चांगली होती. संध्याकाळी आम्ही परत निघालो तेव्हा ती फाट्यावर दिसली. आम्ही थांबलो. “न्हाई, मी आपली चालत येती,” म्हणाली आणि चढाला लागली.

बी.कॉम.ला एक प्रकरण असतं, ख्यातीचं. दुकानाची गिऱ्हाइकं, नाव, लोकांचा विश्वास, याची किंमत म्हणजे ख्याती. तिचा एक विचित्र नियम आहे : विकत घेतलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येते, स्वतः कमावलेली दाखवता येत नाही. २२० रुपयांच्या त्या जीपपाशी जे होतं ते हेच होतं. तिच्याकडे मागायला कुणाला लाज वाटत नव्हती. चिखलाचे पाय, ओकारी, बाळंतिणीचं रक्त, शेळी, सगळं तिने घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बादलीने धुतली की झालं. रात्री दोन वाजता एखाद्याचं दार ठोठावायचं तर मनात आधी हिशेब होतो, की हा उठेल का, रागावेल का, सीट खराब झाली तर काय म्हणेल. जीपच्या बाबतीत गावाने तो हिशेब कधी केला नाही. नव्या गाडीच्या बाबतीत म्हातारीने तो दिवसाढवळ्या, सणाच्या दिवशी, दोन मिनिटांत केला. उद्या पोराला पान लागलं आणि घरच्यांनी आधी दहा मिनिटं ‘त्यांची गाडी मागावी का’ यात घालवली, तर ती दहा मिनिटं डिझेलच्या हवेपेक्षा स्वस्त कशी?

हे मी जेवताना बोललो. चिरंजीव म्हणाले, म्हणजे बंद पडणारी ठेवायची? काकू म्हणाल्या, म्हणजे फडकं चालू? आबा काहीच बोलले नाहीत. ते पडवीतल्या खुंटीकडे बघत होते.

पुढे जानेवारीत त्यांनी मला कराडला बोलावून घेतलं. मिस्त्री बरोबर होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात पाच वर्षांची एक फोर-व्हील बघितलेली होती, डिझेलची, साडेसहा लाख सांगत होते. मिस्त्रीने खाली झोपून बघितलं, इंजिन चालू करून कान लावला, दहा वेळा बंद करून दहा वेळा चालू केलं. दहाही वेळा सेल्फ घेतला. मी कागद तपासले, विमा तपासला, आधीच्या कर्जाचा बोजा उतरलाय का ते पाहिलं. आबा आतल्या सीटवर हात फिरवत होते. मऊ होती. त्यांनी विचारलं, “ह्याच्यावर रेक्झिन चढवता येईल का, धुता येण्यासारखं?” विकणारा म्हणाला, साहेब, ओरिजिनल सीट आहे, कशाला झाकता. आबा म्हणाले, मग ताडपत्रीचं शिवून घेऊ.

जुनी जीप गेली नाही. ती घाटात न्यायची नाही, रात्री न्यायची नाही, माणसं बसवायची नाहीत, असं ठरलं. आपल्याच शेतात वैरण ओढते. आमच्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांना सल्लागार नेमतात, तसं. किल्लीवरून मात्र बरंच झालं. चिरंजीवांचं म्हणणं, साडेसहा लाखांच्या गाडीची किल्ली उघड्या खुंटीला ठेवू नये. विमा कंपनीही तेच म्हणेल, आणि त्यांनी तसं म्हटलं तर मी त्यांना खोटं पाडू शकणार नाही. आबा ऐकायला तयार नव्हते. शेवटी किल्ली खुंटीलाच राहिली, फक्त आता पडवीत आबा झोपतात.

व्यवहार ठरला त्या दिवशी मिस्त्री गाडीभोवती एक शेवटची फेरी मारून आला. डाव्या चाकावरच्या पत्र्याला हातभर पोचा होता, त्यावरून विकणाऱ्याकडून आम्ही दहा हजार कमी करून घेतले होते. मिस्त्री म्हणाला, “आबा, हजार-दीड हजारात पोचा काढून देतो. रंगबी मारतो. नवी दिसंल.”

“नगं,” आबा म्हणाले. “पोचा तेवढा काढू नकोस.”